सगळं एका अंगाला!

आधी पावसाचा हिशेब. गगनबावड्यात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर, त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुका. इथं पडतो पाचशेच्या आसपास. एक जिल्हा, एकच जिल्हाधिकारी आणि पावसात दहापट फरक. गगनबावड्यात वाळत घातलेलं लुगडं आठवडाभर वाळत नाही, तेव्हा शिरोळचा शेतकरी आभाळाकडं बघून मोटार चालू करत असतो. आता पुढचा प्रश्न. जिल्ह्यात महापूर म्हटला की पहिलं नाव कुणाचं येतं? शिरोळचंच.

इंग्रजीत अशा गोष्टीला ‘लॉपसायडेड’ म्हणतात. इकडं ‘एका अंगाला गेलंय’ म्हणतात आणि पुढं बोलायला लागतात. पाऊस, पूर, ऊस, जमीन, देऊळ, नकाशा, बोली... या तालुक्यात काय काय एका अंगाला गेलंय याची यादी करायला बसलं तर दिवस मावळतो.

पाऊस त्यांचा, पूर आमचा

शिरोळ तालुक्याच्या वाट्याला चार नद्या आल्यात: कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. चौघींचं माहेर सह्याद्रीत. पाऊस तिकडं पडतो, पाणी इकडं येतं. त्यात पंचगंगेची गंमत वेगळीच. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला तिच्या उपनद्या एकत्र येतात, तिथून ऐंशीएक किलोमीटर वळणं घेत ती नृसिंहवाडीला पोहोचते आणि कृष्णेला मिळते. पण कृष्णा आधीच दुथडी भरलेली असेल तर पंचगंगेला आत शिरायला जागाच उरत नाही. पाणी मागं सरतं, वर चढतं, रानात पसरतं. या प्रकाराला इथं ‘फुग’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात हा शब्द सापडणार नाही. पण पुराच्या दिवसांत पारावर बसलेला कुठलाही म्हातारा तुम्हाला सांगेल, ‘पाणी वरनं वाढंना झालंय, पर फुग हाय, उतरायचं न्हाई.’ आणि त्याचं खरं होतं.

म्हणून शिरोळात डोक्यावर लख्ख ऊन आणि दारात कंबरभर पाणी असं चित्र दिसू शकतं. पाहुण्याला ते खोटं वाटतं. फोनवर ‘तुमच्याकडं पाऊस आहे का?’ असं विचारणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना इथली माणसं वैतागून सांगतात, ‘पावसाचं विचारू नका, राधानगरीचं विचारा.’

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी भोगावती या पंचगंगेच्या उपनदीवर बांधायला घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. वीज लागत नाही, बटण लागत नाही, माणूसही लागत नाही. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की वजनाचा हिशेब बिघडतो आणि दार आपसूक उघडतं. पातळी उतरली की आपसूक मिटतं. म्हणजे तोल गेला तरच हे यंत्र कामाला लागतं. एका दारातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि हा आकडा शिरोळ तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. ‘किती दारं उघडली?’ हा इथला पावसाळ्यातला रामराम आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि ती मोजायची राजाराम बंधाऱ्यावर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी इथं फुटांची चौकशी होते. फरक इतकाच की इथं स्कोअर वाढला की टाळ्या वाजत नाहीत, जनावरं सोडायची तयारी सुरू होते.

बरं, वरून येणाऱ्या पाण्याचं असं, तर खालून अडणाऱ्या पाण्याचंही भांडण आहेच. कृष्णा महाराष्ट्रातून बाहेर पडताना तिच्यावरचा शेवटचा बंधारा याच तालुक्यातल्या राजापूरला. पुढं कर्नाटक, आणि आणखी पुढं अलमट्टी. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा विषय निघाला की इथल्या सभेत दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा तोंडपाठ म्हणून दाखवले जातात. गणितात नापास झालेली माणसंही यात चुकत नाहीत.

देव पाण्यात, भक्त खूश

पुराकडं बघायची दुसरी तऱ्हा नृसिंहवाडीत आहे. इथं दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. त्यांना मनोहर पादुका म्हणतात. दत्तावतारी नृसिंह सरस्वतींचा इथं बारा वर्षं मुक्काम होता असं मानतात. देऊळ अगदी नदीच्या पायरीला. पाणी चढत चढत आलं की उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तोच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. वाडीतल्या घरात पाणी शिरायच्या बेतात असतं, आणि पायऱ्यांवर मात्र ओल्या सोवळ्यातली गर्दी हसतमुख उभी असते.

त्यातही बारकावे आहेत. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. पुराला दोन्ही बाजूंनी साजरं करणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. पाणी आणखी चढलं तर उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात हलवतात. देवाचंही पुनर्वसन होतं. तेही पंचनाम्याशिवाय.

मंदिराला नेहमीसारखं उंच शिखर नाही. माथा घुमटासारखा दिसतो. कथा अशी की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथं परत आली, म्हणून त्यानं देऊळ बांधलं आणि नदीपलीकडची औरवाड, गौरवाड ही गावं देवाला दिली. वाडीला येणारा भाविक जाताना बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी बांधून नेतो. तिथून थोड्या अंतरावर खुद्द शिरोळ गावात दत्ताचं भोजनपात्र पूजेला आहे, पण गर्दीचा ओघ सगळा वाडीकडं. तालुक्याला नाव शिरोळचं, मान वाडीचा आणि बाजार जयसिंगपूरचा. शिरोळकरांनी हे कसं सोसलं ते त्यांनाच विचारावं. माझ्या मते चहा पीत पीत सोसलं.

उलाळ

आता थोडं शब्दाकडं. ‘लॉपसायडेड’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकातला. आधी तो जहाजांसाठी वापरला जायचा: एका कुशीवर कलून चालणारं जहाज. त्यातलं ‘लॉप’ म्हणजे लोंबणं. लोंबत्या कानांच्या सशालाही तेच विशेषण लागतं. पुढं तो जमिनीवर उतरला. एकतर्फी सामना, एकतर्फी मतदान, वाकडा टांगलेला फोटो, एका कोपऱ्यातून आलेलं हसू, सगळ्यांना चालू लागला. हसण्याचं मात्र बघा. इंग्रजी कादंबरीतला नायक असा तिरका हसला की नायिका विरघळते. आपल्याकडं तोंड वाकडं केलं की सोयरीक मोडते.

शिरोळला जहाज नाही. गाडी आहे. आणि गाडीवानाकडं यासाठी नेमका शब्द आहे: उलाळ. बैलगाडीत माल मागच्या अंगाला जास्त भरला की पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं आणि गळ्याला फास बसतो. ही गाडी उलाळ. पुढच्या अंगाला जास्त भरला तर सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर. तेही वाईट. चांगला गाडीवान उसाच्या मोळ्या अशा रचतो की जू मानेवर नुसतं टेकलेलं राहावं. हे गणित कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. बैल शिकवतो.

आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, पण उलाळ होणं काही थांबलं नाही. गळितात दोन दोन ट्रॉल्या जोडलेला, उसानं फुगलेला ट्रॅक्टर चढावर लागला की पुढची चाकं रस्ता सोडायला बघतात. मग कुणी बोनेटवर चढून बसतं, वजन म्हणून. हे धोक्याचं आहे, बेकायदा आहे, आणि बसणाऱ्याच्या तोंडावर त्या वेळी जो रुबाब असतो तो लग्नातल्या नवरदेवालाही जमत नाही. रात्री मागच्या ट्रॉलीला लाल पट्टी नसेल तर गाडीवाल्यांनो, जरा लांबच राहा. हा सल्ला गमतीचा नाही.

बैलांचा सण बेंदूर. तोही इथं बाकीच्या महाराष्ट्राच्या ओळीत बसत नाही. शिरोळच्या पट्ट्यात बऱ्याच गावांत ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर करतात, महाराष्ट्री बेंदूर येतो आषाढात. तालुक्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला कर्नाटक, त्यामुळं पंचांगही थोडं तिकडं झुकलेलं. बोलीचंही तसंच. ‘काय करालाईस?’, ‘निघालोय बघ’, मधेच एखादा अस्सल कानडी शब्द. घरात कानडी, दारात मराठी आणि बँकेत हिंदी बोलणारी कुटुंबं सीमेवरच्या गावांत भेटतात. कुणाला त्यात अडचण वाटत नाही. अडचण वाटते ती फक्त जनगणनेच्या फॉर्मला.

बुडखा गोड, शेंडा फिका

ऊस हेही एका अंगाला गेलेलं पीक आहे, अगदी शब्दशः. साखर बुडख्याकडच्या जुन्या कांड्यांत जास्त साठते, शेंड्याकडं कमी होत जाते. म्हणून तोडणी जमिनीलगत झाली पाहिजे यावर शेतकरी डोळ्यांत तेल घालून उभा असतो. वीतभर बुडखा रानात राहिला तर सगळ्यांत गोड भाग रानातच गेला. वरचं वाडं जनावरांच्या वैरणीला. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण ज्यानं काढली त्याला साखरेचा उतारा ठाऊक नसावा, नाहीतर त्यानं दुसरं पीक निवडलं असतं.

उसाच्या दराचा केंद्र सरकारचा हिशेब १०.२५ टक्के उताऱ्यावर बेतलेला. २०२४-२५ च्या हंगामाला हा दर क्विंटलला ३४० रुपये होता. कोल्हापूरकडचा उतारा त्याहून बराच वर जातो, त्यामुळं इथला शेतकरी ‘वरच्या टक्क्यांचं काय?’ हे विचारल्याशिवाय रानात कोयता चालू देत नाही. दरवर्षी जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, ती याच प्रश्नावर. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी याच तालुक्यातले. हंगाम सुरू होण्याआधी महाराष्ट्रातल्या साखरधंद्याचे कान या परिषदेकडं लागलेले असतात. आणि त्या सभेत ‘काटा’ हा शब्द निघाला की मंडपात आवाज वाढतो. वजनकाटा सरळ असतो की एका अंगाला, हा वाद उसाइतकाच जुना.

तोडणीचं अंकगणितही ऐकण्यासारखं आहे. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात. माणसं मोजायचं एकक असतं ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी दोन माणसं. एकटा आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे एक माणूस बरोबर अर्धा, आणि दोन मिळून एक. पाणी नसलेल्या जिल्ह्यातली माणसं पाणी जास्त झालेल्या तालुक्यात राबायला येतात, नदीकाठी पालं टाकतात आणि उन्हाळ्यात परत कोरड्याकडं जातात. या फेऱ्याला विनोदाची झालर लावता येत नाही, म्हणून पुढं जातो.

पाणी प्यायलं, मीठ ओकलं

नदीला बंधारा घालायची कोल्हापूरची पद्धत देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावानं ओळखली जाते. पावसाळ्यात फळ्या काढून नदी मोकळी सोडायची, पाऊस संपला की पुन्हा बसवायच्या. या फळ्यांना म्हणतात बरगे. बरगे बसले, उपसा योजना आल्या, मोटारी लागल्या आणि पाचशे मिलिमीटरच्या तालुक्यात बारमाही ऊस उभा राहिला. पाचशे मिलिमीटरच्या भरवशावर ज्वारी यायची. ऊस येतो तो सह्याद्रीच्या उसनवारीवर.

मग जमिनीनं हिशेब मागितला. काळी, चिकट, निचरा कमी असलेली रानं. पाटानं सोडलेलं पाणी खाली जाऊन साठलं, पाण्याची पातळी वर आली, वर येताना जमिनीतले क्षार घेऊन आली. पाणी उन्हानं उडालं, क्षार तिथंच राहिले. सकाळी रानात जावं तर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. ‘मीठ फुटलं’ असं म्हणतात त्याला, सरकारी कागदावर ‘क्षारपड’. शिरोळ तालुक्यात अशी हजारो एकरं झाली. पाणी कमी पडून शेती बुडाल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. इथं ती पाणी जास्त होऊन बुडाली.

उपाय काय निघाला? जमिनीच्या पोटात भोकं पाडलेल्या नळ्या पुरायच्या. साठलेलं खारं पाणी त्यांत झिरपतं, मोठ्या नळीत जातं, तिथून नाल्यात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं हे काम गावोगाव सामुदायिक पद्धतीनं केलं. सामुदायिक अशासाठी की एकट्यानं नळी टाकून भागत नाही. तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानातून जायचं असतं, आणि शेजाऱ्याशी बांधावरून तुमचं तीन पिढ्यांचं भांडण असतं. नळ्यांपेक्षा ते मिटवायलाच वेळ लागतो, असं या कामात पडलेली माणसं हसत सांगतात. गंमत म्हणजे इटलीतल्या पिसाच्या कललेल्या मनोऱ्यालाही जमिनीखालूनच औषध दिलं. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला, उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली, मनोरा अर्धाएक अंश सावरला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ मात्र केला नाही. सरळ केला असता तर तिकीट काढून बघायला कोण गेलं असतं?

नंदी गेला कुठं?

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तिथं आहे. शिल्पांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, दगडात कोरलेले हत्ती देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत एवढंच सांगतो. आपला विषय वेगळा. शंकराचं एवढं मोठं देऊळ आणि समोर नंदीच नाही.

कथा अशी सांगतात: दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली आणि परत आलीच नाही. शंकर कोपले, ते कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, ते धोपेश्वर. त्यामुळं गाभाऱ्यात शिव आणि विष्णू दोघंही आहेत, आणि नंदी नदीपलीकडं, कर्नाटकातल्या यडूरला. राज्याची हद्द आखणाऱ्यांनी नंतर नंदीला दुसऱ्या राज्यात टाकलं हा निव्वळ योगायोग, पण सीमावादाच्या भाषणात तो अजून कुणी वापरला नाही याचं मला नवल वाटतं.

मंदिराच्या पुढच्या स्वर्गमंडपाला छत अर्धवट आहे, म्हणजे मुद्दाम मधे मोकळं ठेवलंय. ४८ खांब आणि मधोमध तेराएक फूट व्यासाचं गोल आभाळ. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलात येतो ते बघायला अलीकडं चांगली गर्दी होते. आता त्या चंद्राचीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तोही सरळ नाही. आपल्याकडच्या बाजूला जे काळे डाग दिसतात, ज्यांत कुणाला ससा दिसतो तर कुणाला हरीण, ती लाव्ह्याची मैदानं. ती या बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतात. पलीकडच्या बाजूला मात्र ती दोनेक टक्केच. पलीकडचं कवच जाड आहे, इकडचं पातळ. १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या लूना ३ यानानं पहिल्यांदा पलीकडच्या बाजूचा फोटो काढला तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले: ससा फक्त आपल्याच वाट्याला आलेला. चंद्राचं वस्तुमान-केंद्रही मधोमध नाही, पृथ्वीकडं दोनेक किलोमीटर सरकलेलं आहे. खिद्रापूरच्या गोल आभाळात दिसतो तो असा उलाळ चंद्र.

सरळ रेघेतलं एक गाव

एवढ्या वाकड्यातिकड्या कारभारात जयसिंगपूर तेवढं सरळ. शाहू महाराजांनी आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नावानं रेल्वेलगत ही व्यापारपेठ वसवली. आखून, पट्टी लावून. एकमेकींना समांतर गल्ल्या, आणि गल्ल्यांना आकडे. इथं पत्ता विचारला तर ‘मारुतीच्या मागं, पिंपळाच्या अंगाला’ असं कुणी म्हणत नाही. ‘आठवी गल्ली’ म्हणतात आणि विषय संपतो. मराठी माणसाला पत्ता सांगताना जे काव्य सुचतं ते जयसिंगपुरात सुकून गेलंय. सोय मोठी आहे, पण हळहळही वाटते.

एक ठराव

कोल्हापूर जिल्ह्याची एक वाकडी बाजू विनोदात बसत नाही, तरी टाळता येत नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं जिल्ह्यात मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. पैसा होता, दूध होतं, सोनोग्राफी यंत्रं होती आणि मुली नव्हत्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण बसवून नजर ठेवायचा प्रयोग केला तो याच जिल्ह्यात. 

आणि याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या महिन्यात, एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे गावात बंद. बायको गेल्यावर पुरुषाचं काय काढायचं, असा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता, कारण काढण्यासारखं त्याच्या अंगावर काही घातलेलंच नसतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका लहान गावाचा ठराव महिना संपायच्या आत राज्याच्या परिपत्रकात.

तोल सांभाळणारं कुरुंदवाड

शेवटी कुरुंदवाड. पटवर्धनांचं संस्थान, तेही १८५४ मध्ये दोन पात्यांत वाटलं गेलं: थोरली पाती आणि धाकटी पाती. मुलूख सलग नव्हता, इथं चार गावं, तिथं चार. संताजी घोरपड्यांची समाधी इथल्या नदीकाठी. गणेशोत्सवात गावातल्या मशिदींत गणपती बसतात, आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर पंजे आणि गणपती एकाच छताखाली. यासाठी कुणी शांतता समिती नेमायला लागत नाही.

पण आपल्या विषयात कुरुंदवाडचा मान मोठा आहे, कारण तोल सांभाळण्याचा देशातला पहिला मोठा धंदा इथं उभा राहिला. इटलीच्या किआरीनीची सर्कस मुंबईत आली होती. कुरुंदवाडचे संस्थानिक ती बघायला गेले, बरोबर त्यांच्या पागेवरचे विष्णुपंत छत्रे. असली सर्कस हिंदुस्थानात व्हायला अजून अवकाश आहे, असं किआरीनी बोलला म्हणतात. छत्र्यांना ते लागलं. १८८० मध्ये कुरुंदवाडच्या राजवाड्याच्या पटांगणात ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. घोड्याच्या पाठीवर उभं राहून दौड करणारा हा माणूस गाणाराही होता, तेही ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचा शागीर्द. हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकताना छत्र्यांना सापडला. त्यांनी त्याला सर्कशीबरोबरच गावोगाव नेलं. आधी वाघ-सिंह आणि घोडे, मग रहिमतखाँचं गाणं. भूगंधर्व म्हणून नावाजलेल्या या गवयाचा अखेरचा काळ कुरुंदवाडातच गेला. सर्कशीचं वारं मग कृष्णेपलीकडच्या म्हैसाळलाही लागलं आणि तिथून देवलांची सर्कस निघाली.

इंग्रजीत सर्कसचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र कुरुंदवाडचं ‘कुर्डुवाडी’ करून टाकलंय. ‘कुर्डुवाडीच्या राजाच्या वाड्यात पहिला खेळ झाला’ असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. कुर्डुवाडी सोलापूर जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शन. तिथं कधी राजा नव्हता, होता तो स्टेशन मास्तर.